चिंचोके आणि इल्लीवाल्या मॅडम

आमच्या मॅडम अळीला 'आपण' म्हणत. माणसांशी त्या इतक्या अदबीने बोलत असतच असं नाही. सकाळी प्रयोगशाळेत आल्या की पर्स खुंटीला अडकवायची, चष्मा पदराने पुसायचा आणि पहिल्या कपात डोकावून विचारायचं, "काय, आज काही घेतलं नाही आपण?" कपात मक्याची लष्करी अळी बसलेली असायची. तिने धार जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची झोप उडवली होती, आणि तिला संपवण्यासाठीच सरकारने मॅडमना कॉलेजातली ही खोली दिली होती. पण मॅडम पडल्या देवासच्या जुन्या दरबारी घराण्यातल्या. त्यांच्याकडे पाळण्यातल्या मुलालासुद्धा अहोजाहो करायची पद्धत. मॅडमनी लग्न केलं नाही, घरात लहान मूल राहिलं नाही, तेव्हा तो सगळा मान अळ्यांच्या वाट्याला आला, असं मी त्यांना तोंडावर म्हणत असे. त्या म्हणायच्या, "शत्रूचा मान ठेवावा. आपल्या घरात तसंच शिकवलंय."

धारमध्ये त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. रिक्षावाले, भाजीवाल्या, कॉलेजचा चपरासी, सगळ्यांच्या लेखी त्या 'इल्लीवाली मॅडम'. हिंदीत अळीला इल्ली म्हणतात. पहिल्यांदा हे नाव कानावर आलं तेव्हा मला वाटलं, मॅडम दुखावतील. त्या तर खूष झाल्या. आता कुणाला पत्ता सांगायची कटकट नाही, म्हणाल्या. आणि खरंच, बसस्टँडवर कुठल्याही रिक्षावाल्याला हे नाव सांगितलं की तो न विचारता कॉलेजच्या मागच्या फाटकाशी आणून सोडायचा आणि वर विचारायचा, "काटती तो नी है?"

मी त्यांच्याकडे कशी लागले ते सांगते. माझे वडील पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी करायचे. आमचे पूर्वज धारच्या दरबारात तंबू शिवायला आले, असं घरात सांगतात. आता तंबू राहिले नाहीत, मराठीही घरापुरतीच राहिली. मी सगळं शिकले हिंदीत. मुलाखतीत मॅडमनी मला रसायनशास्त्राचं काही विचारलं नाही. चिंचोका मराठीत कशाला म्हणतात, एवढंच विचारलं. मला आलं नाही. "इमली का बीज," त्यांनीच सांगितलं, आणि मला कामावर ठेवलं. इथे काम करायचं तर मराठीत बोलायचं, ही एकच अट. आज हे मी लिहिते आहे ते त्यांच्या त्या अटीमुळे. लिहिण्यात चुका सापडल्या तर त्याही त्यांच्याच नावावर टाका.

चिंचोक्याचं प्रकरण असं. मॅडमचं म्हणणं, झाडाला पाय नसतात, त्याला पळता येत नाही, हातात काठी धरता येत नाही. म्हणून ते आपल्या बीमध्ये एक प्रथिन ठेवून देतं. कुणी ते बी खाल्लं की हे प्रथिन त्याच्या पोटातल्या पाचकरसालाच धरून ठेवतं. खाणारा खात राहतो, पण अंगी काही लागत नाही. चिंचोक्यात हे प्रथिन भरपूर. मॅडमना ते काढून मक्याच्या पोंग्यात घालायचं होतं, म्हणजे रोपाच्या मधोमध कोवळी पानं जिथे गुंडाळलेली असतात तिथे. लष्करी अळी तिथेच दडून बसते, आणि वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत धड पोचत नाही. शिवाय त्या औषधांनी माणसांची डोकी दुखतात आणि मधमाश्या मरतात. चिंचोक्याने तसलं काही होत नाही. "भांडण झाडाचं आणि अळीचं आहे," मॅडम म्हणायच्या. "आपण नुसतं झाडाच्या बाजूने उभं राहायचं."

बाजूने उभं राहण्याचं काम मात्र हमालीचं होतं. बाजारात चिंच फोडणाऱ्या बायका आम्हाला पोत्याने चिंचोके द्यायच्या, आणि या दोघी त्याचं काय करतात म्हणून पोटभर हसायच्या. ते भिजवायचे, टरफलं काढायची, मिक्सरमध्ये वाटायचे, फडक्यातून गाळायचे. पुढचं सगळं यंत्रावर, पण इथपर्यंतचं स्वयंपाकघरासारखंच. मॅडमना घरी साधा चहा जमत नव्हता. इथे मात्र त्यांचा हात सुगरणीचा. अळ्यांचं खाद्य तर त्या दुसऱ्या कुणाला करूच देत नसत. बेसन, यीस्ट, जीवनसत्त्वं आणि घट्ट होण्यासाठी अगार, हे सगळं उकळायचं. मग ते कोमट होईपर्यंत थांबायचं आणि मगच चिंचोक्याचं प्रथिन घालायचं. घाई केली तर प्रथिन शिजतं, आणि शिजलं की त्याचा जोर संपला. "म्हणून तर माणसं डाळी शिजवून खातात," त्या सांगायच्या. लहान मुलाचं दूध बघावं तसा त्या मिश्रणाचा थेंब मनगटावर घेऊन बघायच्या. मग ते थाळीत ओतायचं, गार झालं की चौकोनी वड्या पाडायच्या, आणि प्रत्येक अळीच्या कपात एकेक वडी. अळ्यांना वेगवेगळं ठेवावं लागतं, कारण शेजारी ठेवल्या तर त्या शेजारणीलाच खातात.

आणि आमच्या अळ्या खरोखर वाळल्या. साध्या खाद्यावरच्या अळ्या बोटाएवढ्या झाल्या, चिंचोक्यावरच्या दोऱ्यासारख्या राहिल्या. दिवसभर कुरतडायच्या, विष्ठाही टाकायच्या, पण वाढायचं नाव नाही. मॅडम त्यांच्याकडे बघून हळहळायच्या आणि त्याच वेळी आनंदाने खुलायच्या. हे दोन्ही एका चेहऱ्यावर कसं मावायचं, ते मला सांगता येत नाही.

पण वेळ आमच्या बाजूने नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त होणार होत्या. त्याआधी शेतातल्या प्रयोगाला मंजुरी मिळाली तर काम पुढे चालणार, नाहीतर खोलीला कुलूप आणि चिंचोके पुन्हा बाजारात. मंजुरीचा निर्णय दिवाळीनंतर व्हायचा होता, आणि त्यासाठी अळ्यांच्या आणखी एका पिढीचा निकाल दाखवायचा होता. बद्रीभिया नावाचे एक मक्याचे शेतकरी शेत द्यायला तयारच होते. त्यांनी मॅडमना स्पष्ट सांगितलं होतं, "दो पट्टी म्हारे खेत में से ले लो मैडम, पण इल्ली पे असर दिखनो चइये."

मॅडमना एकाच गोष्टीची धास्ती होती. ही अळी हुशार. एक पाचकरस अडवला तर ती दुसरा तयार करू शकते, आणि असं झालेलं आहे. "शिकली तर संपलं," त्या म्हणायच्या. एखाद्या कपातली अळी जराशी जाड दिसली की त्यांचा चेहरा उतरायचा. मग ती नुसती फुगली आहे, कात टाकायच्या बेतात आहे, असं कळलं की पुन्हा हसायच्या.

त्या दिवाळीत सगळ्या गोष्टी एकदम आल्या. कॉलेज बंद, माझ्या भावाचं लग्न, आणि मॅडमच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली. त्यांना सगळे म्हणाले की शस्त्रक्रिया पुढे ढकला. त्या म्हणाल्या, डोळा ढकलता येईल, पण अळीचं जेवण कसं ढकलणार. शेवटी कपांचे ट्रे मिठाईच्या खोक्यांत भरले, तयार खाद्याचे डबे बरोबर घेतले आणि मॅडम देवासला घरी गेल्या. इंदूरहून पुढच्या बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, कोणती मिठाई आहे. मॅडमनी झाकण उघडून दाखवलं. पुढचा सगळा प्रवास मॅडमनी दोघींच्या सीटवर एकटीने ऐसपैस बसून केला, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं.

देवासच्या घरी त्यांच्या वहिनी होत्या. सगळं गाव त्यांना वहिनीसाहेब म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणते. भाऊ गेल्यापासून नणंद-भावजय दोघीच. घर टेकडीच्या पायथ्याशी, साधं, दोन खोल्या वर आणि दोन खाली. नणंदेने आयुष्य किड्यांत घालवलं हे वहिनीसाहेबांना मान्य नव्हतं, पण तिची कुठलीही गोष्ट त्यांनी कधी टाळलीही नव्हती. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मॅडमना वाकायला आणि चुलीजवळ जायला मनाई केली. एका डोळ्याला पट्टी, दुसरा डोळा आधीपासूनच धूसर. तेव्हा अळ्यांचं काम वहिनीसाहेबांनी अंगावर घेतलं. मॅडम पलंगावरून सांगायच्या आणि वहिनीसाहेब करायच्या. मला फोनवर कळायचं की सगळं छान चाललंय, वन्सं आराम करताहेत, किडे नीट जेवताहेत.

सुट्टी संपली आणि मी मॅडमना आणायला देवासला गेले. वहिनीसाहेबांनी दारातच माझ्या हातात चिवड्याची बशी दिली. आत मॅडम काळा चष्मा लावून खुर्चीवर बसल्या होत्या. "तू बघ," एवढंच म्हणाल्या. मी खोकी उघडली. चिंचोक्यावरच्या अळ्या बोटाएवढ्या झाल्या होत्या. गुबगुबीत, चकचकीत, साध्या खाद्यावरच्यांपेक्षा तसूभरही कमी नाहीत. मॅडमनी त्या सकाळीच भिंग लावून पाहिल्या होत्या.

"शिकली," मॅडम म्हणाल्या. "शिकली ती. आता शेताचं नाव काढायचं नाही. उद्या मंजुरीवाल्यांना फोन करून सांगते, राहू द्या म्हणून."

मी त्यांना खूप समजावलं. एकाच पिढीत इतक्या सगळ्या एकदम कशा शिकतील, असं विचारलं. त्या ऐकायलाच तयार नव्हत्या. त्यांचा आवाज मी इतका बारीक झालेला कधी ऐकला नव्हता. म्हणाल्या, वय झालं की माणसाला आपलंच खरं वाटायला लागतं, अळीला त्याचं काय, तिला तिचं पोट भरायचं असतं. मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं आम्हाला धीर धरायला शिकवायचं आणि स्वतः एका दुपारी हातपाय गाळायचे, हे मला पटलं नाही. मला त्यांची कीवही आली, आणि ती आलेली मला आवडली नाही.

निघायची तयारी म्हणून मी उरलेलं खाद्य पिशवीत भरायला घेतलं. डबा उघडला आणि थबकले. आत शंकरपाळ्यासारख्या, तिरक्या कापलेल्या वड्या. आम्ही तर चौकोनी पाडतो. वहिनीसाहेबांना विचारलं, या वड्या अशा कशा. त्या सुपारी कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, तुमच्या त्या वड्या कच्च्या होत्या. बेसनाचा वास येत होता. मी मोदकपात्रात वाफवून घ्यायची. वितळायचं ते, मग पुन्हा थापून वड्या पाडायच्या. आपल्या घरात कुणाला कच्चं वाढत नाहीत. किडा झाला म्हणून काय झालं, पोट दुखतं त्याचं."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या खुर्चीत सरळ झाल्या होत्या.

"सगळ्या वाफवल्या, वहिनी?"

"सगळ्या. दोन्ही डब्यांतल्या. पहिल्या दिवसापासून."

मॅडम हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग सगळं अंग. डॉक्टरांनी जोरात हसायचं नाही, रडायचं नाही असं सांगितलं होतं, आणि त्या एकाच वेळी दोन्ही करत होत्या. वहिनीसाहेब धावल्या, डोळा सांभाळा म्हणाल्या, मी चुकलं का काही असं विचारू लागल्या. मॅडमनी त्यांचा हात धरून ठेवला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. आमच्या कामाच्या यादीत पुढचं काम हेच तर होतं: कच्चं आणि शिजवलेलं खाद्य शेजारी शेजारी ठेवून बघायचं, म्हणजे अळी वाळते ती प्रथिनामुळेच, चिंचोक्याच्या तुरटपणामुळे नाही, हे कळेल. तुरटपणा वाफेने जात नाही, प्रथिन जातं. अर्धा प्रयोग वहिनीसाहेबांनी मोदकपात्रात उरकून टाकला होता. अळी काही शिकली नव्हती. तिला फक्त प्रेमाने शिजवून वाढलं होतं.

धारला परतल्यावर आम्ही सगळं पुन्हा रीतसर केलं. कच्च्यावरच्या अळ्या वाळल्या, वाफवलेल्यावरच्या अंगाने सुटल्या. मंजुरीच्या बैठकीत मॅडमनी हे निकाल दाखवले, आणि शिजवलेल्या खाद्याची कल्पना कुणाची, असं कुणीतरी विचारलं तेव्हा गंभीर चेहऱ्याने देवासच्या एका ज्येष्ठ तज्ज्ञ बाईंचा हवाला दिला. मला खोकल्याचं सोंग करून बाहेर जावं लागलं. मंजुरी मिळाली.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा बद्रीभियांचा मका नुकताच गुडघ्याएवढा होत होता. खोलीची किल्ली माझ्याकडे आली. तरी त्या देवासहून दोन बस बदलून यायच्या आणि स्वतःच्याच खोलीचं दार वाजवून 'येऊ का' विचारायच्या. मला फार अवघड व्हायचं. एका सकाळी आम्ही शेतात गेलो. चिंचोक्याचं पाणी पोंग्यांत घालून आठवडा होऊन गेला होता. मॅडमनी नव्या डोळ्याने एक पोंगा उलगडला. आत अळी होती. बारीक, मलूल, पण जिवंत.

बद्रीभियांचं तोंड पडलं. "मैडम, या तो मरी नी."

"मरायला नकोच आहे भिया," मॅडम मराठीतच म्हणाल्या. बद्रीभियांना त्या काय म्हणतात ते कळत होतं, बहुधा सगळं नाही. "नुसती मागे पडली पाहिजे. तेवढ्यात मका मोठा होतो. मोठ्या मक्याचं ती फारसं काही बिघडवू शकत नाही."

बद्रीभियांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण दोन्ही पट्ट्यांमधून पुन्हा एकदा चालून आले. चिंचोक्याचं पाणी घातलेल्या पट्टीतली पानं दुसरीपेक्षा कमी फाटलेली होती, हे त्यांना दिसलं. कापणीच्या वेळी ते आपण होऊन कणसांची गोणी घेऊन आले आणि पुढच्या साली चार पट्ट्या देतो म्हणाले. त्यांच्या बाजूच्या शेतापेक्षा फार जास्त काही पिकलं नव्हतं. पण दोनदा औषध मारायचं वाचलं होतं, आणि बायकोचं डोकं दुखलं नव्हतं. त्यांना हे पुरलं.

त्या दिवशी बसस्टँडवर मॅडमना सोडायला गेले. बस लागायची होती. त्या म्हणाल्या, "एक सांगते, ऐक. ती एक दिवस खरंच शिकेल. त्या वेळी माझ्यासारखं करू नकोस. एक दिवस रड, माझी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं बी भिजत घाल. झाडांनी एकाच बीवर सगळं सोपवलेलं नाही."

मी म्हटलं, तेव्हा तुम्ही असालच की, तुम्हीच घाला. तेवढ्यात बस लागली. त्यांनी कंडक्टरला 'भिया, ज़रा खिड़की वाली' म्हणून जागा मागितली आणि बसल्या.

मागच्या पौषात मॅडम गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. वहिनीसाहेबांचा फोन आला तेव्हा मी अळ्यांचं खाद्य गार करत होते. हातातलं काम तसंच टाकून निघाले. त्यांच्यासारखं माणूस मला पुन्हा भेटणार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला त्यांची रोज आठवण येते.

या पावसाळ्यात कडेच्या रांगेतल्या एका कपात मला जाड अळी दिसली. चिंचोक्याच्या कच्च्या खाद्यावरची. आधी मी खात्री करून घेतली: खाद्य मीच केलेलं, मनगटावर मीच बघितलेलं, खोलीची किल्ली माझ्याचकडे. तिचा पतंग होऊ दिला आणि त्याची पिल्लं वेगळी वाढवली. तीही जाड झाली, आणि त्यांची पिल्लंही. आता कुणाच्या मोदकपात्रावर ढकलायची सोय नव्हती. या वेळी ती खरंच शिकली होती.

दार लावून घेतलं आणि मी दिवसभर रडले. अळीसाठी थोडं, मॅडमसाठी पुष्कळ. त्यांना हे सांगायला मिळालं असतं तर आधी त्यांचा चेहरा उतरला असता, आणि मग त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं असतं: कितव्या पिढीत, कुठल्या कपात, आधी कोणती लक्षणं दिसली. मी त्या प्रश्नांची उत्तरं मनात तयार करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारच्या किल्ल्याच्या मागच्या रस्त्याने जाऊन बाभळीच्या शेंगा आणल्या. बिया सोडवल्या आणि पातेल्यात भिजत घातल्या. बाभळीचं बी कठीण, भिजायला वेळ घेतं. मी थांबले आहे.